आई दाखव

नखोन फनोम
रविवार, २ जून

ताई,

भाऊजींचा निरोप मिळाला. "बुपफा विचारतेय, उंग दिवसभर काय करते ते लिहून कळव." स्वतः फोन उचलायचा नाही आणि नवऱ्याकरवी निरोप धाडायचे, ही तुझी जुनी खोड. सोंगक्रानच्या सणाला आपण दोघींनी एकमेकींवर पाणी उडवायचं सोडून शब्द फेकले, ते तू अजून धरून बसली आहेस. असो. डॉक्टरांनी तुला पलंगावरून पाय खाली ठेवू नको म्हणून बजावलंय, सहावा महिना आहे, तेव्हा भांडण बाळंतपणापर्यंत राखून ठेवू. मी पत्र लिहिते. पत्रात तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

तर उंग. जेवते. तुमच्या तिकडच्या सुट्ट्या भातावर वाढलेली पोर, पण आपला चिकट भात बोटांनी वळून खायला शिकली. तिला माझ्याकडे सोडून भाऊजींची गाडी वळणाआड गेली तेव्हा रडली, त्यानंतर नाही. झोपताना विचारते, "आईच्या पोटातलं बाळ आत्ता जागं असेल का?" मी म्हणते, झोपलंय. मग तीही झोपते.

शाळेचं सांगायचं तर आमच्या मोठ्या बाई, फयोमबाई, माँटेसरीचं शिकून आल्यापासून बालवर्गाचं सगळं रूपच पालटलंय. फळ्यासमोर ओरडणं बंद. पोरं आपापली चटई पसरतात, शेल्फवरून हवं ते सामान आणतात, काम झालं की जागेवर ठेवतात. आणि कोपऱ्यात एक बुटकं स्टूल आहे, ते माझं. रोज अर्धा तास मी त्यावर बसायचं, बोलायचं नाही, कुणी धडपडलं तरी उठायचं नाही, डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं. एकदा मी 'मुलगी आनंदात होती' असं लिहिलं तर बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. म्हणाल्या, "आनंद तुला कुठे दिसला? दात दिसले असं लिही."

म्हणून उंगचं तुला तसंच लिहिते. तिने पाण्याचे दोन छोटे जग ट्रेमध्ये आणले. ओतताना पाणी सांडलं. ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तिने फडकं आणलं, पुसलं, पिळलं, पुन्हा ओतायला घेतलं. जीभ बाहेर काढलेली होती.

वहीत नाही ते इथे सांगते. तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी अर्धी उठलेच होते. फयोमबाईंनी मागून खांदा दाबून बसवलं.

वर्गात ती मला बाई म्हणते, घरी मावशी. आई म्हणते ती तुला. ठरलंय तसंच चाललंय, तू पडल्या पडल्या नाही नाही ते मनात आणू नकोस. माझ्याच पोटची पोर, पण जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी तिचं अंग चटके बसतील असं तापलेलं, ओठ निळे. गावातल्या जाणत्या थोंगसी आजीने तिला सुपात घालून उंबऱ्यात हलवलं आणि मोठ्यानं पुकारलं, तीन दिवस हे भुतांचं लेकरू होतं, आता माणसांपैकी कुणाचं असेल त्यानं घ्यावं. मी बोलायचं नव्हतं. आई बोलली की भुतांना पत्ता लागतो. तू पुढे होऊन म्हणालीस, "माझी." मग तिला नाव ठेवलं उंग, डबक्यातला बेडूक, कुणाला हेवा वाटू नये असं. तुला आई म्हणायचं, मला मावशी. पाच वर्षं धडधाकट काढली की भुतांचा हक्क सरतो, मग ज्याचं त्याला. तिचा बाप तर त्या पहिल्या तापातच पसार झाला होता, त्यामुळे विचारायला दुसरं कुणी नव्हतंच.

पुढे मी बँकॉकला शिकायला गेले, तू तिला घेऊन पार दक्षिणेला, सोंगख्लाच्या रबराच्या मळ्यात गेलीस, आणि नावापुरतं होतं ते खरंच होऊन बसलं. सोंगक्रानला मी एवढंच म्हणाले होते, की ऑगस्टमध्ये तिला पाच पुरी होतात. त्यावर तू ताट आपटून उठलीस.

आत्ता पुढचं काही बोलत नाही. औषध वेळेवर घे. डाव्या कुशीवर झोप.

धाकटी,
जारुणी


शुक्रवार, १४ जून

ताई,

तुझा निरोप, 'आणखी लिही.' म्हणजे आवडलं तर. सरळ तसं म्हटलं असतंस तर काय तुझी जीभ झिजली असती?

काल शाळेत गुरुपूजा झाली. पोरं गुडघ्यांवर चालत आली, हातात दुर्वा आणि लाल फुलांचे तुरे. उंग माझ्यासमोर आली, डोकं जमिनीला टेकवून नमस्कार केला, आणि उठता उठता हळूच म्हणाली, "मावशी, तुझ्या पायाला चिखल लागलाय." मी म्हटलं, "शाळेत बाई म्हणायचं." तर म्हणते, "बाई, तुमच्या पायाला चिखल लागलाय." शेजारची सगळी रांग खिदळायला लागली.

आता पालकांनाही त्या स्टुलावर बसून वर्ग बघू देतात. मंगळवारी थोंगसी आजी आली होती, तिचा पणतू तोन आमच्याकडे आहे म्हणून. दारातच नाक मुरडलं. "शिकायला म्हणून पोर धाडायचं, आणि ही पोरं इथे खलबत्त्यात अंड्याची टरफलं कुटतायत?" फयोमबाईंनी तिला बसवलं, फक्त बघायचं म्हणून सांगितलं. तोन एका लाकडी चौकटीवर बटणं लावायला शिकत होता. एक बटण काही केल्या भोकात जाईना. आजी बसल्या जागी चुळबुळ करते, हात पुढे करते, मागे घेते. शेवटी स्टुलावरून घसरली, शेल्फमागून गुडघ्यांवर सरकत गेली आणि ते बटण लावून आली.

फयोमबाई म्हणाल्या, "आजी, त्याची बटणं तुम्ही कधीपर्यंत लावणार?"

"मी आहे तोवर."

"आणि मग?"

"मग त्याची बायको लावेल."

बाईंनासुद्धा हसू आवरलं नाही. तोनने मात्र ते लावलेलं बटण काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आजीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

जाताना ती उंगपाशी थांबली. उंग केळीच्या पानाची पुडी बांधत होती, मान वर केली नाही. आजी माझ्याकडे वळून म्हणाली, "बेडकी अगदी ठणठणीत झाली की गं. आता तिला सांगितलंस ना?"

"नाही अजून."

"मी भुतांना फसवायला सांगितलं होतं. पोरीला फसवा असं कुणी म्हटलं होतं?"

तुला मी ते विचारत नाही. ऐकू आलं ते लिहिलं.

एक काम आहे. पुढच्या आठवड्यात वर्गात घरच्या माणसांचा पाठ घ्यायचाय. तुझा एक फोटो भाऊजींना धाडायला सांग, चेहरा नीट दिसेल असा. बाकी काही नाही, नुसता पाठ आहे.

जारुणी


रविवार, ३० जून

ताई,

फोटो मिळाला. वाळलीस गं. डोळे आत गेलेत आणि पोटच तेवढं पुढे दिसतंय.

वर्गात असा कुठला पाठ नव्हता. तो मी माझ्यासाठी ठरवला होता. आता लपवत बसत नाही, कारण जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये, आणि सांगायला तूच आहेस, ही माझी दुर्दशा.

आमच्याकडे नावं शिकवायची एक पद्धत आहे. तीन पायऱ्या. आधी आपण नाव सांगायचं, हे खडबडीत, हे गुळगुळीत. मग म्हणायचं, खडबडीत दाखव, गुळगुळीत दाखव. शेवटी बोट ठेवून विचारायचं, हे काय? पोर चुकलं तर 'चूक' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. सामानावर हात ठेवायचा, हसायचं, "हे आपण नंतर करू" म्हणायचं आणि सगळं उचलून ठेवायचं. काही दिवसांनी पुन्हा पहिल्या पायरीपासून.

बुधवारी दुपारी पोरं झोपून उठली, तोंडं धुऊन, पावडर फासून बसली होती. मी उंगला कोपऱ्यात बोलावलं. चटई पसरली. त्यावर दोन फोटो ठेवले, एक तुझा, एक माझा. माझ्या फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही आई." तुझ्यावर ठेवलं, "ही मावशी." मग दुसरी पायरी. "आई दाखव."

तिने फोटोकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं हसेल, किंवा तुझ्या फोटोवर बोट ठेवेल. तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही. माझ्या फोटोवर हात पालथा ठेवला, अगदी मी ठेवते तसा, आणि म्हणाली, "बाई, हे आपण नंतर करू." दोन्ही फोटो कडेला धरून उचलले, शेल्फवर नेऊन ठेवले, येऊन चटई गुंडाळली आणि पाणी ओतायला निघून गेली.

ताई, तिने मला चूकसुद्धा म्हटलं नाही. मी जे शिकवलं तेच तिने माझ्यावर केलं. मी तिथेच बसून राहिले. फयोमबाई स्टुलावर होत्या हे माझ्या लक्षातच नव्हतं. संध्याकाळी वर्गाला कुलूप लावताना म्हणाल्या, "आज तू तिला शिकवत नव्हतीस जारुणी. तू तिच्याकडे मागत होतीस. पाच वर्षांच्या पोरीकडे मागू नये."

खरंय. म्हणून जिच्याकडे मागायला हवं तिच्याकडे मागते. तुला सप्टेंबरमध्ये तुझं स्वतःचं होईल. तुझ्या पोटचं, तुझ्या मांडीवर, कुणाला न फसवता आई म्हणणारं. मग माझी मला दे. ऑगस्टमध्ये मुदत संपते. तू इकडे येऊ शकणार नाहीस, तर फोनवर तिला तूच सांग, कारण तुझं ती ऐकेल. माझं ती हसून शेल्फवर ठेवेल.

तुला दोन लेकरं आणि मला नुसतं मावशीपण, हा कुठला न्याय? थोंगसी आजीही परवा म्हणाली, दुसऱ्याचं धरून ठेवलं की आपलं टिकत नाही. विचार कर.

जारुणी


मंगळवार, १६ जुलै

ताई,

आज आषाढी पौर्णिमेची सुट्टी आहे. सगळी विहारात गेली आहेत. उंगला थोंगसी आजीबरोबर पाठवलं आणि मी घरी थांबले.

भाऊजींनी सांगितलं. मुलगा होता म्हणाले. केस खूप होते म्हणाले. त्याहून जास्त त्यांना बोलता आलं नाही आणि मला ऐकवलं नाही.

माझं पत्र तुला त्याच्या आदल्याच दिवशी मिळालं होतं, तेही त्यांनी सांगितलं. उशीखाली सापडलं म्हणे.

ताई, थोंगसी आजी तसं कधीच म्हणाली नव्हती. ते वाक्य माझं होतं. रागाच्या भरात मी ते तिच्या नावावर खपवलं, कारण माझ्या शब्दाला तू भीक घालत नाहीस आणि तिच्या शब्दाला घाबरतेस, हे मला ठाऊक होतं. त्यात काही तथ्य नाही. मी बसल्या जागी रचलेलं वाक्य आहे ते. तुझा देवावर विश्वास असो, भुतांवर असो, या एका बाबतीत माझ्यावर ठेव.

आजीला मी हे सांगितलं. तिने मला मारलं नाही, पण मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने नातसुनेकडून, मनाला धीर यावा म्हणून बांधतात ती पांढरी दोरी आणवली, बाळाच्या नावाने मंत्र म्हणून तुझ्यासाठी ठेवली आहे. तुझ्या मनगटाला बांधायला तूच इथे नाहीस.

उंगला अजून कळलेलं नाही. ती रोज विचारते, बाळ जागं आहे का. मी अजून तेच उत्तर देते.

काही खा. एक घास तरी खा.

जारुणी


शनिवार, १० ऑगस्ट

ताई,

तुझा निरोप येऊन आता बरेच दिवस झाले. 'उंगला तिकडेच ठेव. तुझी होती, तुझ्याकडे राहू दे. माझ्याकडे आणू नका.' भाऊजी म्हणाले, ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असते, उंगचे कपडे तिने पेटीत भरून व्हरांड्यात ठेवलेत. जे आपलं नाही ते घरात ठेवलं म्हणून आपलं गेलं, असं तिच्या मनानं घेतलंय.

म्हणजे मी रचलेलं वाक्य तू खरं धरलंस, आणि माझ्या हातात मी मागितलं ते आलं. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मला आनंद झाला. दात दिसले असते तर तेही लिहिलं असतं. मी बाजारातून तिला नवा गणवेश आणला, भिंतीवरचा तुझा फोटो काढून आत ठेवला, आणि जेवताना म्हणाले, "उंग, आजपासून मला आई म्हणायचं."

ती म्हणाली, "बरं." घास गिळला. "आई, पाणी दे."

ताई, तो शब्द तिने मला दिला. कधीतरी तो कानावर पडावा म्हणून मी पाच वर्षं काढली होती. मी पाणी दिलं. ती प्यायली, भांडं जागेवर ठेवलं, आणि मग विचारलं, "मग माझ्या आईला आता काय म्हणायचं?"

तिला उत्तर हवं होतं. "तिला मावशी म्हणायचं का? मग मावशीला बाळ झालं का?"

तेव्हा मी तिला सांगितलं, की बाळ राहिलं नाही. ती रडली नाही. उठून दारात जाऊन बसली. तिथूनच म्हणाली, "आईजवळ कोण आहे?" बाबा आहेत म्हटलं. "बाबा कामाला जातात तेव्हा?" मला ठाऊक नव्हतं. पोरीने तुझ्याविषयी एवढा विचार केला आणि मी केला नव्हता, याची मला शरम वाटली.

काल शाळेत मातृदिन होता. तुला आठवत असेल, आया खुर्च्यांवर बसतात, पोरं मोगऱ्याचा हार घेऊन पाया पडतात. ज्यांच्या आया बँकॉकला, कोरियाला कामाला गेल्यात त्यांच्यासाठी आज्या, मावश्या बसतात. फयोमबाईंनी माझी ड्युटी काढून घेतली आणि मला खुर्चीवर बसायला सांगितलं. मी नवी छिटाची लुंगी नेसून, केसांत फूल माळून बसले. उंग हार घेऊन आली. माझ्यासमोर उभी राहिली. कुजबुजत म्हणाली, "मावशी, थोडं उठ ना. खुर्ची आईला लागणार आहे."

मी उठले. तिने रिकाम्या खुर्चीसमोर गुडघे टेकले, डोकं जमिनीला लावलं, हार खुर्चीवर ठेवला. शेजारची बाई माझ्याकडे बघत होती. भिंतीला टेकून मी शेवटपर्यंत उभी राहिले.

रात्री मी तिच्याजवळ बसून होते तेव्हा ठरवलं. तू देतेस ते मी घेणार नाही. तू भीतीपोटी देतेस आणि ती भीती मी घातलेली आहे. शिवाय जी द्यायची ती तुझ्या माझ्या हातातली वस्तू राहिलेली नाही. मला राग येतो गं. तुझाच येतो असं नाही, आजीचा येतो, त्या सुपाचा येतो, त्या तापाचा येतो. पण या पोरीची आई कोण हे या पोरीला पक्कं ठाऊक आहे आणि ते पुसून दुसरं लिहायचं माझ्याच्यानं होणार नाही.

शाळेतून रजा घेतली आहे. तिला घेऊन येते. दार लावून घेऊ नकोस.

जारुणी


नखोन फनोम
रविवार, १ सप्टेंबर

ताई,

पोहोचून आठवडा झाला, लिहायला आत्ता बसले. वाटेत बँकॉकला बस बदलताना छत्री राहिली, बाकी सगळं सुखरूप.

तुला काही गोष्टी सांगायच्या राहिल्या, कारण तू भिंतीकडे तोंड करून होतीस आणि नंतरही आपण दोघी फारसं बोललो नाही. मला जे दिसलं तेवढंच लिहिते.

आम्ही सकाळी तुझ्याकडे पोहोचलो. उंग तुझ्या खोलीच्या दाराशी थांबली. भाऊजी म्हणाले, "जा, आईला हाक मार." ती हाक मारेना. ते तिला पुढे ढकलणार होते, मी त्यांचा हात धरला. ती दारातच खाली बसली. तुझ्या पाठीकडे बघत बसली. तुझा श्वास जोरात आला की मान वाकडी करून बघायची. भाऊजींनी जेवायला बोलावलं, गेली नाही. थोड्या वेळाने बसल्या बसल्याच ती जराशी पुढे सरकली. थांबली. पुन्हा सरकली. बूड न उचलता, आवाज न करता. तुझ्या चादरीचं टोक खाली लोंबत होतं, ते तिने उचलून पलंगावर ठेवलं आणि हात मागे घेतला. ऊन दारातून खोलीच्या मध्यापर्यंत आलं आणि परत गेलं, एवढा वेळ मी व्हरांड्यात बसून हे बघत होते. मी उठले नाही.

तू कूस बदललीस तेव्हा ती तुझ्या तोंडासमोर होती. तुला वाटलं असेल ती आत्ताच आली. म्हणून लिहिते, ती सकाळपासून तिथे होती.

त्यापुढचं तुला माहीत आहे. तू तिला चादरीत ओढून घेतलंस आणि तुम्ही दोघी इतक्या रडलात, की शेजारच्या बायका जिन्याशी गोळा झाल्या. मी त्यांना काही झालं नाही म्हणून घरी पाठवलं.

तिला पाच पुरी झाली त्या दिवशी मी इथे एकटी होते. थोंगसी आजी आली, म्हणाली, भुतांचा हक्क आता संपला. मी म्हटलं, हो आजी. ती बराच वेळ माझा हात धरून बसली आणि मी रडले ते तिने कुणाला सांगितलं नाही.

आणखी काही बारीकसारीक. तिला कोळंबी खाल्ली की अंगावर गांध्या उठतात, इथे एकदा उठल्या होत्या. बटणं तिची तिला लावू दे, उशीर झाला तरी. पाणी सांडलं तर फडकं कुठे आहे एवढंच दाखव. आणि तुला कधी वाटलं की तिला खरं सांगावं, तर तू सांग, तुझ्या सवडीनं, ती मोठी झाल्यावर. नाही सांगितलंस तरी मी विचारणार नाही. मात्र माझ्या त्या वाक्याची भीती पुन्हा मनात आणू नकोस. तुझं बाळ गेलं त्यात तुझ्या हातून काही चुकलेलं नव्हतं, आणि उंगचा तर काहीच संबंध नव्हता.

निघायच्या दिवशी तू आत झोपली होतीस. मी पायऱ्यांवर बसून चपला घालत होते. मनात होतं, दुपारपर्यंत थांबावं, तिला एकदा न्हाऊ घालावं. उंग बाहेर आली. आता तिचा चेहरा तुझ्या घरातला झाला होता, केस तुझ्यासारखे मागे बांधलेले. माझ्याजवळ बसली, माझ्या चपलेचा पट्टा लावून दिला. मग अगदी मायेनं, पाहुण्यांना विचारतात तसं तिने विचारलं, "मावशी, तुझी बस कधी आहे?"

मी म्हणाले, आत्ताच आहे.

बस संध्याकाळची होती. मी स्टँडवर जाऊन बसले.

उंगची मावशी,
जारुणी